उलट्या पिळाची भिंगरी

एकदा जत्रेत एक गृहस्थ तणतणत माझ्या पालापाशी आले आणि म्हणाले, "तुमची वस्तू खराब निघाली. पैसे परत द्या."

मी विचारलं, "काय झालं?"

"काय झालं म्हणजे? उडून गेली की! पाळण्याच्या पलीकडं गेली ती आलीच न्हाय."

मी म्हणालो, "साहेब, उडायलाच दिली हुती."

ते आणखी तापले. मग मागून आमची नागव्वा बोलली, "अवो, गेली म्हणजे चांगलीच हुती. खराब असती तर तुमच्या पायातच पडली असती. खराब पायजे का? थांबा, हुडकून देते." गृहस्थांना हसू आलं. ते दुसरी घेऊन गेले.

नागव्वा माझी बायको. गेल्या श्रावणात ती गेली. थोडक्या दिवसांचं दुखणं, सिव्हिलला नेलं, परत आणली ती तशी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं ती शेवटी कुठून तरी उठून येईल म्हणून वाट बघत बसू नये. मीही बसलो होतो. काही उपयोग होत नाही.

आमचा धंदा भिंगरीचा. पोरं तिला हेलिकॉप्टर म्हणतात. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बारीक तारा एकमेकींत पिळून हातभर काडी करायची. पत्र्याची पट्टी कापून तिला मधोमध चीर पाडायची आणि दोन्ही टोकं उलटसुलट मुरगळायची, पंख्याच्या पात्यासारखी. म्हणून तिला पातंच म्हणतात. हे पातं तारेत ओवायचं, त्याच्या खाली एक नळी. नळीला आम्ही मागातली सूत संपलेली रिकामी कांडी कापून घेतो, ती शहराच्या पूर्व भागातल्या कापडाच्या कारखान्यांतून पोत्यानं मिळते. आता एका हातानं तारेचं खालचं टोक धरायचं, दुसऱ्या हातानं कांडी जोरात वर ढकलायची. तारेच्या पिळावरनं पातं गरागरा फिरत वर जातं आणि टोकावरून सुटून आभाळात. एवढंच. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. तरी एक बाई विचारत होत्या, "ह्याला चार्जिंग कुठं करायचं?" नागव्वा म्हणाली, "पोराला जेवू घाला, आपोआप हुतंय."

आता ह्यातली मेख सांगतो. तार पातं फिरवते, पण उडवत नाही. उडवतं ते पात्याचं मुरगळणं. तारेचा पीळ ज्या बाजूचा, त्याला जुळणारी मुरड पात्याला पाहिजे. मुरड उलटी पडली तर पातं फिरतं झकास, पण हवा वर ढकलतं आणि स्वतः खाली येतं.

लग्न झाल्यापासून आमची वाटणी ठरलेली. तार माझी, पातं तिचं. मी पात्याला हात लावला की ती म्हणायची, "ठेवा खाली. तुमचा हात तारेचा हाय." ती वळसंगची. माहेरी घरात कन्नड बोलायचे. राग आला की ती कन्नडवर जायची, आणि पात्याला माझा हात लागला की हमखास जायची. तिच्या हातचं पातं कधी पडलं नाही. म्हणून आम्ही माल तपासत नव्हतो. शिवाय तिची एक रीत होती. नव्या मालातली भिंगरी घरात उडवायची नाही. पहिली उडवायची ती संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत, पहिल्या संध्याकाळी, सिद्धेश्वराच्या कळसाकडं तोंड करून, आणि तीसुद्धा तिनं. घरात उडवली की तिचं आभाळ घरातच संपतं, असं तिचं म्हणणं. मी देवाधर्माचा फार नाही, पण तिच्या म्हणण्याला कधी आडवा गेलो नाही. घरात जेवण तीच करायची.

ती गेल्यावर दिवाळीला आमची मुलगी महादेवी आली. तिला बार्शीला दिलीय, जावई एसटीत ड्रायव्हर. एकुलती एक. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरातली डबडी उघडून बघितली आणि म्हणाली, "अप्पा, पुरं झालं. चला बार्शीला."

"तितं जाऊन काय करू?"

"काय करायचं न्हाय. बसायचं."

"बसून काय करू?"

"टीव्ही बघायचा."

"त्यात काय हाय?"

"अप्पा!"

पोरगी मनानं चांगली आहे. पण तिनं ते 'बसायचं' असं म्हटलं आणि मला धडकी भरली. आमच्या गल्लीत असे बसवलेले म्हातारे मी बघितलेत. कुणी आलं की त्यांना उचलून उन्हात ठेवतात, गेलं की आत. मी म्हणालो, "गड्डा माझ्याशिवाय व्हायचा न्हाय."

"तुमच्याशिवाय हुईल. आईशिवाय तुमचं काय हुईल ते बघा. पाती कोण करणार?"

"मी करीन. आयुष्यभर बघतोय की. त्यात काय लागतंय?"

ती बापावरच गेलीय, सौदा केल्याशिवाय उठत नाही. म्हणाली, "मग ठरलं. गड्डा एकट्यानं निभवा. निभला तर ऱ्हावा हितंच, मी तोंड उघडणार न्हाय. न्हाय निभला तर जत्रा संपली की पिशवी भरायची."

"ठरलं," मी म्हणालो.

मग मी पाती करायला बसलो. नमुन्याला तिच्या हातचं एकही पातं उरलं नव्हतं, मागच्या जत्रेत सगळं खपलेलं. पण नमुना लागतो कशाला? डोळे मिटले की तिचे हात दिसायचे. पट्टी दोन्ही चिमटीत धरलेली, एक हात बाहेर, एक हात आत, कट्. मी तसंच केलं. पत्रा कापताना बोटं कापली, कडा मुडपताना नखं गेली, पण संक्रांत जवळ आली तेव्हा घरात पात्यांचा ढीग होता. दिसायला अगदी तिच्यासारखी. मी त्या ढिगाकडं बघून तिला मनात म्हणालोसुद्धा, "बघ. तारेचा हात म्हणत हुतीस."

घरात एकही उडवली नाही. रीत म्हणजे रीत.

पहिली संध्याकाळ. पाल टाकलं. शेजारी नेहमीप्रमाणे फुगेवाला बाबूभाई. आम्ही जवान होतो तेव्हापासून आमची पालं शेजारी आहेत. पलीकडं भजीची कढई. महादेवी बार्शीहून मुद्दाम आलेली, हाताची घडी घालून उभी. जुनी गिऱ्हाइकं पहिली भिंगरी बघायला थांबतातच, त्यांत एक रिटायर झालेले हवालदार. हे दर वर्षी नातवासाठी म्हणून घेतात आणि कोपऱ्यात जाऊन स्वतः उडवतात. नातू आता कॉलेजात आहे.

मी कळसाकडं तोंड केलं, तिचं नाव घेतलं आणि कांडी ढकलली.

पातं तारेवरनं सुटलं, वीतभर वर गेलं, जरा विचार केल्यासारखं थांबलं आणि सरळ माझ्या कपाळावर आलं.

लोक हसले. मला वाटलं, कांडी नीट बसली नसेल. दुसरी लावली. ती हवालदारसाहेबांच्या टोपीवर. तिसरी जरा तिरकी धरली, तर ती भजीवाल्याच्या कढईत. भजीवाला ओरडला, "ओ मल्लप्पा, माझं तेल!" चौथीला बाबूभाई फुगे धरून मागं सरला. तेवढी त्याला पत्र्याची भीती.

"अरे मल्लप्पा," तो म्हणाला, "ये क्या रे? तेरा हेलिकॉप्टर जाने का नामच नै ले रा! ऊपर छोडे तो घर कू वापस आ रा!"

हवालदार टोपी झटकत म्हणाले, "मल्लप्पा, ही भिंगरी हाय का मुसक्या आवळायचं यंत्र? सरळ अंगावर येतंय की बे."

एक पोरगी तेवढी हट्टाला पेटली. तिला तीच पाहिजे होती, पप्पांच्या डोक्यावर पाडायला. पप्पांनी तिला ओढत नेलं. त्या संध्याकाळी तेवढंच एक खरं गिऱ्हाईक होतं, तेही गेलं.

मी पाल गुंडाळलं. महादेवी एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. आईसारखी कन्नडमधून बोलली असती तरी चाललं असतं.

सकाळी उठलो तर ती पात्यांच्या ढिगापाशी बसलेली. म्हणाली, "करून दाखवा एक. माझ्यासमोर."

मी माझ्या पोत्यावर बसलो. एक हात बाहेर, एक हात आत, कट्.

"परत."

परत केलं. तिनं माझे हात बघितले, मग छताकडं बघितलं आणि एकदम हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता पदर डोळ्याला लावला.

"काय झालं?" मी विचारलं. "वेड लागलं का?"

"अप्पा, आईचा उजवा हात भाईर जायचा. तुमचा डावा चाललाय."

"न्हाय. मी रोज बघत हुतो. ह्या बाजूचा हात भाईर जायचा."

"ह्या बाजूचा म्हणजे तुमच्या डाव्या बाजूचा! अवो, तुमी तिच्या समोर बसत हुता. तिचा उजवा तुमच्या डाव्या अंगाला यायचा. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची, मला ठावं हाय की!"

खरं होतं. ती तिच्या पोत्यावर, मी माझ्या पोत्यावर, मधे पत्रा. सगळं आयुष्य मी तिच्याकडं बघत होतो आणि सगळं आरशातल्यासारखं शिकलो होतो. एक बोट चुकलं नव्हतं. फक्त सगळंच उलटं होतं.

पाती परत मुरगळावीत तर पत्रा मानेपाशी तडकतो. चार तडकवून बघितली. महादेवी म्हणाली, "द्या भंगारात आन् चला. शब्द दिलाय तुमी."

त्या वेळी मी जे म्हणालो ते डोक्यातून नाही आलं, हातातून आलं. "पातं उलटं असलं तर असू दे. तार माझी हाय. तारच उलटी पिळतो."

तार पिळायला माझ्याकडं खाटेच्या पायाला बसवलेलं एक हँडल आहे, त्याच्या टोकाला आकडा. दोन्ही तारा आकड्यात अडकवायच्या, दुसरी टोकं चौकटीच्या खिळ्याला, आणि हँडल फिरवायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा ते उलटं फिरवलं. जरा वेळ बरं चाललं आणि आकडा निखळून पाण्याच्या घागरीवर जाऊन आदळला. हँडलाचा नट सुलट फिरवण्यासाठी होता, उलट फिरवलं की आपला आपण सुटायचा. बसवला, परत सुटला. तिसऱ्यांदा महादेवीच्या कानावरनं गेला.

"अप्पा, माझा जीव घेऊलालाय का?"

"मग धर की नट! पाना घे आन् धर!"

तिनं पाना घेतला आणि नट धरून बसली. मी फिरवतोय, ती धरतेय, हात घसरला की मला शिव्या. थोड्या वेळानं तिच्या तोंडून आईचा शब्द निघाला, "साकु अप्पा, साकु!" साकु म्हणजे पुरे. पण तिची आई साकु म्हणाली की कामाला आणखी जोर यायचा, म्हणून मीही थांबलो नाही. दिवेलागणीपर्यंत दोन टोपल्या तारा झाल्या.

त्या संध्याकाळी परत कळसाकडं तोंड केलं. बाबूभाईनं फुगे आधीच पाठीमागं घेतले. भजीवाल्यानं कढईवर झाकण धरलं. मी कांडी ढकलली आणि डोळे मिटले, कपाळ आधीच दुखत होतं.

बाबूभाईच्या ओरडण्यानं डोळे उघडले. "गया रे, गया! मल्लप्पा, ऊपर गया! लेकिन उलटा घूम रा!"

पाळण्याच्या वरच्या बाकड्याएवढं गेलं. मग घाई झाली. महादेवी आधी नुसती उभी होती, मग पैसे घ्यायला लागली, मग ओरडायला लागली. बार्शीच्या बाईचा आवाज गड्ड्यात घुमत होता, "हेलिकॉप्टर घ्या, बिनचार्जिंगचं हेलिकॉप्टर!" मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "बघूलालाय काय? कांड्या घाला."

पण धंद्यात एक भानगड होतीच. आमचं निम्मं गिऱ्हाईक नवी भिंगरी घेत नाही. पातं उडून जातं, कौलावर अडकतं, विहिरीत पडतं. तार घरी राहते. मग माणसं जुनी तार घेऊन येतात आणि नुसतं पातं मागतात. हवालदारसाहेब आपली तार शर्टाच्या आत खोचूनच आले.

"मल्लप्पा, दे एक पातं."

"साहेब, तुमच्या तारेला ह्या साली पातं न्हाय. नवी तार घ्या, पैसे नगंत."

"का? माझ्या तारेला काय झालं? ही तार माझ्या लग्नाच्या आधीची हाय."

"तारेला काय न्हाय झालं. पातं उलटं हाय."

"मग सुलटं दे की."

"सुलटं करणारी गेली, साहेब."

हवालदारांना ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, "मी तिलाच विचारणार हुतो, ह्या साली पहिली भिंगरी तिनं का न्हाय उडवली म्हणून." त्यांनी नवी तार घेतली, पैसे बळंच दिले आणि जुनी तार परत शर्टात खोचली. अशी माणसं त्या जत्रेत बरीच आली. सगळ्यांना तेच सांगावं लागलं. तोंड दुखलं.

जत्रा संपली. माल उरला नाही. घरी आल्यावर मी खुंटीवरची पिशवी काढली आणि त्यात दोन सदरे घातले. महादेवी चहा करत होती. तिनं वळून बघितलं. "हे काय?"

"शब्द दिला हुता. एकट्यानं निभवायचं ठरलं हुतं. नट तू धरलास."

"धरला की."

"मग? निभला न्हाय."

ती चहा गाळत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल भरा. मी टॉवेल घातला, तंबाखूची डबी घातली. मग ती म्हणाली, "पुढल्या साली हवालदार जुनी तार घेऊन येणार. त्याला काय सांगायचं? पातंवाला बार्शीत टीव्ही बघतोय?"

"मला सुलटं येत न्हाय."

"शिका मग. शिवरात्रीला येते. जुन्या तारेवर सुलटं पातं उडवून दाखवा. उडालं तर ऱ्हावा. पडलं तर ही पिशवी हाय तशीच उचलायची, मी नवी भरायला बसणार न्हाय." आणि तिनं पिशवी तशीच भरलेली दाराशी ठेवली. ती बार्शीला गेली तरी पिशवी तिथंच. येता-जाता पायात यायची.

मी शिकायला बसलो. वाचणाऱ्याला वाटेल, आता कळलंय तर काय अवघड आहे, डाव्याऐवजी उजवा बाहेर काढायचा. करून बघा. डोळे मिटले की नागव्वाचे हात समोर दिसायचे आणि माझा डावा आपोआप बाहेर पडायचा. मी हाताला शिव्या दिल्या. उजव्या हाताला खूण म्हणून चिंधी बांधली, तर चिंधी बांधलेला हात आत आणि दुसरा बाहेर. पत्रा वाया जात होता. मला बार्शीची खुर्ची दिसायला लागली, समोर टीव्ही.

एके दिवशी वैतागून उठलो आणि जाऊन तिच्या पोत्यावर बसलो. ती गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं, मी फक्त झटकून ठेवायचो. बसायला मन होत नव्हतं, तरी बसलो, पट्टी घेतली, डोळे मिटले. हात दिसले. पण आता ते समोर नव्हते, माझ्याच मांडीवर होते. उजवा बाहेर, डावा आत, कट्.

त्यानंतर चुकलं नाही.

शिवरात्रीला महादेवी आली ती सरळ दाराशी पिशवीपाशीच थांबली, उचलायच्या तयारीनं. मी जुनी तार काढली, पातं ओवलं आणि अंगणात येऊन ढकललं. रीत होती घरात न उडवण्याची, पण अंगण म्हणजे घर नाही असं मी ठरवलं. पातं शेजाऱ्याच्या गच्चीवर, टाकीच्या पलीकडं गेलं. शेजारीण वरून ओरडली, "कोण हाय ते?"

महादेवी आत गेली, पिशवीतून माझे सदरे काढले आणि खुंटीला लावले. टॉवेलाचा वास घेतला आणि तो धुवायला टाकला. बार्शीचं नाव घेतलं नाही. आता सणाला येते तेव्हा माझ्या शेजारी बसून कडा मुडपते.

मी नागव्वाच्याच पोत्यावर बसतो. तिथं बसल्यावर एक गोष्ट कळली. नागव्वा नेहमी कोण आलं ते हाक यायच्या आधी सांगायची. "आला तुमचा बाबूभाई, चहा टाकते." मला वाटायचं, बाईचे कान तिखट, नाहीतर तिला काहीतरी आतून कळतं. मी चार लोकांत तसं सांगायचोही. काही नाही. तिच्या जागेवरून दार सरळ समोर दिसतं. माझी पाठ दाराला होती.

परवा बाबूभाई गल्लीत वळताना दिसला, तसा मी समोरच्या माझ्या रिकाम्या पोत्याला म्हणालो, "आला बघा तुमचा बाबूभाई."

बाबूभाई आत आला, इकडं तिकडं बघितलं. "किसकू बोल रा रे?"

मी म्हणालो, "मल्लप्पाला. तितं बसून तार पिळूलालाय. मान वर करून बघत न्हाय."

बाबूभाई त्या पोत्याला वळसा घालून बाजूला बसला आणि म्हणाला, "उसकू बोल, चाय रख."